चित्रकार उभा कुठे होता?

आमच्या शाळेच्या भूगोल कक्षात गेली काही वर्षे एक रंगीत चित्र लावलेले आहे. जुन्या दिनदर्शिकेतून कापून पुठ्ठ्यावर चिकटवलेले. पुढे फुटक्यातुटक्या खडकांचा कठडा, त्यापलीकडे एकदम खाली गेलेली प्रचंड दरी, दरीत उतरलेला पावसाचा ढग, मधूनच उन्हाने उजळलेले लाल-पिवळे कडे आणि पार मागे क्षितिजाला टेकलेली पठाराची सपाट रेघ. खाली आमच्यापैकीच एकाने सुवाच्य अक्षरात लिहून ठेवले आहे : 'नदीचे खननकार्य - घळई'.

नववीच्या तासाला एका मुलीने विचारले, "सर, हे चित्र काढणारा माणूस उभा कुठे होता?"

"कड्यावर," आम्ही सांगून टाकले.

"पण कड्यावर असेल तर दरीचा तळ इतका जवळ कसा दिसतोय? आणि खाली उतरला असेल तर पलीकडच्या पठाराचा माथा कसा दिसेल?"

आम्ही दोघे, म्हणजे एक भूगोल शिकवणारा आणि एक चित्रकला शिकवणारा, त्या दिवशी गप्प बसलो. ज्या चित्राकडे बोट दाखवून आम्ही इतकी वर्षे खननकार्य शिकवत होतो, ते कधी नीट पाहिलेच नव्हते. चित्रकला शिकवणाऱ्याला तर त्याची जास्तच खंत वाटली. मग आम्ही त्या चित्राचा माग काढायचे ठरवले.

चित्राचे नाव 'द कॅझम ऑफ द कोलोराडो', म्हणजे कोलोराडो नदीची खाई. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या सुप्रसिद्ध ग्रँड कॅन्यनचे हे तैलचित्र टॉमस मोरान याने १८७३-७४ मध्ये रंगवले. मोरान मूळचा इंग्लंडमधल्या बोल्टनचा, जन्म १८३७ चा. लहानपणीच आईवडिलांबरोबर तो अमेरिकेत आला. लाकडी ठोकळ्यावर चित्रे कोरण्याच्या कारखान्यात उमेदवारी केली आणि पुढे टर्नर या इंग्रज चित्रकाराच्या धुक्या-उजेडाच्या चित्रांनी भारावून गेला. हे टर्नरचे वेड लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

मूळ चित्र सुमारे ७ फूट उंच आणि १२ फूट रुंद आहे. ते आम्ही पाहिलेले नाही. आमच्यासमोर आहे ती जेमतेम १ फूट रुंदीची छापील प्रत. आता एक छोटा हिशेब करू. १२ फुटी चित्रासमोर ६ फुटांवर उभे राहिले तर ते आपल्या नजरेत ९० अंशांचा कोन व्यापते, म्हणजे पाहणाऱ्याला जवळजवळ वेढून टाकते. १ फुटाच्या प्रतीने तोच परिणाम साधायचा असेल तर ती डोळ्यांपासून फक्त ६ इंचांवर, म्हणजे १५ सेंटिमीटरवर धरायला हवी. वर्गातल्या मुलांनी प्रत तशी धरून पाहिली आणि "सर, पडल्यासारखं वाटतंय" असे ओरडली. आम्हीही धरून पाहिली. पन्नाशीजवळच्या डोळ्यांना १५ सेंटिमीटरवर सगळे धूसर दिसते, त्यामुळे मोरानची खाई आम्हाला काही दिसली नाही. नेत्रभिंगाचा धडा मात्र आयता शिकवून झाला.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ.

१८७३ च्या उन्हाळ्यात मोरान या भागात आला तो जॉन वेस्ली पॉवेल या भूवैज्ञानिकाच्या निमंत्रणावरून. पॉवेल हा विलक्षण माणूस. अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६२ साली त्याचा उजवा हात गेला, आणि तरीही १८६९ मध्ये काही साथीदारांना घेऊन तो लाकडी होड्यांतून कोलोराडो नदी उतरून गेला. मोरानला त्याने नदीवर नेले नाही. पॉवेलच्या सर्वेक्षणाचा छायाचित्रकार जॅक हिलर्स याच्यासह मोरानने उत्तरेकडून प्रवास केला आणि पॉवेलने त्याला दरीच्या उत्तर काठावरच्या कैबाब पठाराच्या कडेला नेले. तिथे मोरानने पेन्सिलीची रेखाटने केली. मोठे चित्र मात्र त्याने हजारो किलोमीटर दूर, न्यू जर्सी राज्यातल्या नेवार्क गावच्या आपल्या चित्रशाळेत रंगवले. निरनिराळ्या जागांवरून दिसलेले कडे, सुळके आणि उपदऱ्या त्याने एका चौकटीत जवळजवळ आणून बसवल्या.

तेव्हा त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर असे, की चित्रकार कुठेच उभा नव्हता. जगात अशी एकही जागा नाही जिथून ग्रँड कॅन्यन बरोबर या चित्रासारखा दिसतो.

याची मोरानला लाज नव्हती. आधीच्या एका मोठ्या चित्राबद्दल बोलताना त्याने हे उघडपणे मान्य केले होते. निसर्गाची जशीच्या तशी नक्कल त्याला कवडीमोलाची वाटे, आणि एखाद्या स्थळाचा नकाशा चित्रातून काढता यावा अशी अपेक्षाच चूक, असे त्याचे म्हणणे. पण त्याच दमात त्याने असाही दावा केला होता की खडक मात्र आपण इतके काळजीपूर्वक काढले आहेत की भूवैज्ञानिकाने ते ओळखावेत.

जागा खोटी आणि खडक खरे! भूगोलवाल्याचे म्हणणे पडले की असे चित्र वर्गातून काढूनच टाकावे. चित्रकलावाल्याने हरकत घेतली. आठवडाभर वाद चालला. शेवटी दावा तपासून पाहायचे ठरले.

ग्रँड कॅन्यनची लांबी सुमारे ४४६ किलोमीटर, खोली १.६ किलोमीटरच्या आसपास, काही ठिकाणी त्याहूनही जास्त. रुंदी पुष्कळ ठिकाणी १६ किलोमीटरच्या जवळपास आणि जास्तीत जास्त २९ किलोमीटर. काठावरून खाली उतरू लागलो तर गाळाच्या खडकांचे थर एकाखाली एक लागतात. अगदी वर कैबाब चुनखडक, सुमारे २७ कोटी वर्षांपूर्वीचा. तळाशी रूपांतरित खडक, सुमारे १७५ कोटी वर्षांपूर्वीचे. या तळच्या खडकाचे नाव ऐकून वर्गात हशा पिकतो : 'विष्णू शिस्ट'. त्यामागे गंमत आहे. क्लॅरेन्स डटन या भूवैज्ञानिकाला इथल्या पायऱ्यापायऱ्यांच्या डोंगरांत पौर्वात्य देवळे दिसली आणि त्याने त्यांना 'विष्णू टेंपल', 'शिवा टेंपल' अशी नावे देऊन टाकली. त्या विष्णूवरून पुढे खडकाचे नाव पडले.

या पायऱ्या येतात कुठून? चुनखडक आणि वालुकाश्म या कोरड्या हवेत टणक राहतात आणि उभे कडे धरून ठेवतात. चिखलापासून बनलेले पातळ पापुद्र्यांचे मऊ खडक, ज्यांना शेल म्हणतात, ते लवकर झिजतात आणि त्यांचा तिरपा उतार होतो. मऊ थर झिजला की वरच्या टणक थराचा आधार जातो, तो मोठमोठ्या तुकड्यांनी कोसळतो आणि पुन्हा ताजा उभा कडा तयार होतो. उभा कडा, उतार, उभा कडा, उतार. आपल्या सह्याद्रीतही डोंगर पायऱ्यांचे दिसतात, पण तिथे थर लाव्हाचे आहेत. काही टणक, काही सच्छिद्र व मऊ. घटक वेगळे असले तरी टणक आणि मऊ यांची आळीपाळी तीच. सह्याद्रीचा कोणताही घाट चढलेल्या मुलाला मोरानचे डोंगर त्यामुळे परके वाटत नाहीत.

आता चित्र बघा. मागचे डोंगर नीट पायऱ्यांचे आहेत. थर आडवे आहेत आणि दरीच्या दोन्ही अंगांना एकाच उंचीवर जुळतात. मधला भाग कोणीतरी कापून नेला आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही. मोरानने डोंगर इकडचे तिकडे हलवले, पण त्यांची जडणघडण बिघडवली नाही. एखादा उतावळा चित्रकार 'भव्य' दिसावे म्हणून त्यांना हिमालयाच्या सुळक्यांसारखे टोकदार करून मोकळा झाला असता.

रंगाचीही गोष्ट पाहण्यासारखी आहे. कॅन्यनच्या मध्यावर एक दीडशे मीटरांहून उंच लाल भिंत मैलोगणती चालत जाते. तिचे नावच 'रेडवॉल'. हा चुनखडक सुमारे ३४ कोटी वर्षांपूर्वीचा. हातोडीने एक टवका उडवला तर आतून तो करडा निघतो! लाली फक्त कातडीची. वरच्या थरांतली लोहाची ऑक्साइडे पावसाच्या पाण्याबरोबर ओघळून खाली येतात आणि भिंतीला गेरू फासल्यासारखा रंग चढतो. म्हणजे इथे रंगारी पाऊसच.

हा रंग त्या काळी फोटोत येणे शक्य नव्हते. हिलर्ससारखे छायाचित्रकार काचेवर ओल्या कलोडियनचा लेप देऊन फोटो घेत. हा लेप निळ्या व जांभळ्या प्रकाशाला जागा होतो. लाल, पिवळ्याला जवळजवळ आंधळा असतो. परिणामी लाल भिंती काळ्या येत आणि निळे आकाश कोरे पांढरे. आणखी एक अडचण म्हणजे हवेतले रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात, म्हणून लांबचे डोंगर निळसर दिसतात. नेमका हा निळा उजेडच लेपाला सर्वांत जास्त कळतो. त्यामुळे फोटोत दूरच्या रांगा पांढुरक्या पडद्याआड विरून जात. जवळचे काळे आणि लांबचे कोरे, अशी कॅन्यनची अवस्था. रंग आणि अंतर या दोन्हींसाठी त्या काळच्या सर्वेक्षणाला चित्रकारच लागत होता. सरकारी मोहिमांनी चित्रकार बरोबर नेले ते हौस म्हणून नव्हे.

हे झाले खडकांचे. पण चित्रातली आम्हाला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट वेगळी आहे. ती म्हणजे पाऊस.

सुरुवातीला तो आम्हाला नाटकी वाटला. काळा ढग, पावसाची झड, मधूनच उन्हाची तिरीप, म्हणजे टर्नरच्या शिष्याने खेळलेली ठरावीक खेळी. चित्रात खरी नदी शोधायला भिंग घ्यावे लागते, इतकी ती बारीक दाखवली आहे. खननकार्य करणारी नदी नगण्य आणि पाऊस एवढा मोठा! आमच्या मथळ्याप्रमाणे तर हे चित्र चुकलेच होते.

मग आम्ही पुन्हा आकडे पाहिले. दरी १.६ किलोमीटर खोल आणि त्याच्या दहापट रुंद. समजा, सगळे काम एकट्या नदीने केले असते. नदी आपल्या पात्राखालचे खडक कापते, म्हणजे करवतीसारखी खाली जाते. मग दरी नदीच्या पात्राएवढीच रुंद, सरळ उभ्या भिंतींची चीर व्हायला हवी होती. १६ किलोमीटर रुंदी आणली कोणी? ती आणली काठांवर काम करणाऱ्यांनी. पावसाचे लोट, उपनद्या, फटीत शिरून हिवाळ्यात गोठणारे पाणी आणि आधार सुटला की कोसळणारे कडे. नदी खोली करते आणि पडलेला राडारोडा वाहून नेते. रुंदी बाकीचे करतात.

तो प्रदेश कोरडा, मग पाऊस कुठला? तिथेही जुलै-ऑगस्टमध्ये मोसमी वादळे येतात. आपल्यासारखी दिवसदिवस झड नाही. दुपारी ढग जमतात, तासाभरात कोसळतात, पुन्हा ऊन. उघड्या खडकावर गवत-झाडे विरळ, त्यामुळे पाणी मुरत नाही. कोरड्या ओढ्यांना अचानक लोंढे येतात आणि दगडधोंडे ओढून नेतात. मोरान तिथे पोचला तो नेमका याच दिवसांत. चित्रातले एकीकडे ऊन आणि दुसरीकडे पाऊस हे त्या ऋतूचे नेहमीचे दृश्य आहे.

आणखी एक मुद्दा आहे आणि तो आमच्या मते कळीचा आहे. कॅन्यनचा उत्तर काठ दक्षिण काठापेक्षा सुमारे ३०० मीटर उंच आहे आणि सगळे पठार दक्षिणेकडे कललेले आहे. म्हणजे उत्तरेच्या पठारावर पडलेले पाणी उतारावरून दरीत येते, तर दक्षिण पठारावर पडलेले पाणी दरीपासून लांब, उलट दिशेला निघून जाते. म्हणून उत्तरेकडची बाजू जास्त कोरली गेली. तिकडच्या उपदऱ्या लांबलचक आणि फाटे फुटलेल्या आहेत, आणि नदी दक्षिण काठाच्या जवळून वाहते. नकाशा काढून बघा, एका नजरेत कळते. मोरान गेला होता तो उत्तर काठावर. पावसाने जिथे जास्तीत जास्त काम केले आहे, त्या बाजूला. तिथून नदी लांब, खोल आणि जवळजवळ न दिसणारीच असते. समोर दिसते ती पावसाची आणि ओढ्यांची कारागिरी.

म्हणजे चित्रातला पाऊस हा केवळ पडदा नाही. तो कामावर असलेला गवंडी आहे, फक्त बांधण्याऐवजी पाडणारा. मोरानने हे भूविज्ञान समजून केले की पॉवेलने कान भरल्यामुळे, हे चित्रावरून ठरवता येत नाही. पॉवेलसारखा माणूस शेजारी असताना गप्पा खडकांच्याच झाल्या असणार, असा आमचा कयास. पुढे पॉवेलने या चित्राची तोंडभरून स्तुती केली.

पॉवेलचे सगळेच खरे होते असे मात्र नाही. त्याचे म्हणणे होते की नदी आधीची आणि पठाराचे उचलले जाणे नंतरचे. करवत जागच्या जागी फिरत राहावी आणि लाकडाचा ओंडका खालून वर येत राहावा, तसे. कल्पना देखणी आहे आणि मुलांना पटकन समजते, म्हणून ती अजूनही सांगितली जाते. परंतु आजच्या अभ्यासानुसार पठाराचे उचलले जाणे सुमारे ७ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाले, आणि कोलोराडो नदी कॅन्यनमधून सलग सध्याच्या मार्गाने वाहू लागली ती अलीकडे, ५०-६० लाख वर्षांपूर्वी. काही तुकडे त्याआधीचे असावेत की नाही, यावर तज्ज्ञांत अजून खडाजंगी चालते. पॉवेलची करवत मोडली, तरी मोरानचा पाऊस तसाच पडतो आहे. चित्रकाराने सिद्धांत रंगवायला घेतला नाही, हे त्याचे नशीब.

या चित्राला एक थोरले भावंड आहे. त्यातल्या गैरसमजुतीबद्दल लिहिलेच पाहिजे. १८७१ मध्ये मोरान हेडन या भूवैज्ञानिकाच्या मोहिमेबरोबर यलोस्टोनला गेला होता. तिथल्या घळईचे, ९४ मीटर उंचीवरून कोसळणाऱ्या धबधब्याचे एवढेच मोठे तैलचित्र त्याने १८७२ मध्ये पुरे केले आणि अमेरिकेच्या संसदेने ते १०,००० डॉलरला विकत घेतले. 'कोलोराडोची खाई' हेही १८७४ मध्ये त्याच किमतीला घेतले. दोन्ही चित्रे आधी संसदेच्या इमारतीत टांगली होती. आज ती त्यांच्या अंतर्गत खात्याच्या मालकीची असून स्मिथसोनियन संस्थेच्या कलासंग्रहालयाकडे ठेवलेली आहेत. अनेक ठिकाणी असे वाचायला मिळते की मोरानचे भव्य तैलचित्र पाहून संसदेने यलोस्टोनला जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान केले. तारखा जुळवा. कायद्यावर सही झाली १ मार्च १८७२ ला आणि तैलचित्र पुरे झाले त्यानंतर. संसदसदस्यांपुढे जी होती ती मोरानची छोटी जलरंगचित्रे आणि विल्यम हेन्री जॅक्सनचे फोटो. श्रेय द्यायचे तर त्या हातभर कागदांना. अशीच दुसरी समजूत म्हणजे तिथल्या पिवळ्या कड्यांचा रंग गंधकाचा. तोही बराचसा लोहाच्या संयुगांचा आहे. गरम पाण्याने व वाफेने तिथला रायोलाइट खडक बदलून टाकला आहे.

आता चित्रातल्या उणिवा. त्या आहेत आणि मोठ्या आहेत.

यलोस्टोनच्या चित्रात पुढच्या खडकावर दोन इवलीशी माणसे उभी आहेत. त्यांच्यावरून घळईचा आकार कळतो. 'खाई'त माणूस नाही. मोठे झाड नाही. पुढची झुडपे गुडघ्याएवढी की पुरुषभर, सांगता येत नाही. त्यामुळे दरी शंभर मीटर खोल आहे की हजार, याला चित्रात पुरावाच नाही. धुके उंचीचा आभास निर्माण करते, पण आभास म्हणजे मोजमाप नव्हे. त्या काळच्या काही समीक्षकांनाही हे चित्र भकास वाटले होते, डोळ्याला कुठे विसावाच नाही म्हणून. विसावा नसणे हा आम्हाला दोष वाटत नाही. तिथे तो नाहीच. पुढच्या खडकांचा कठडा मात्र आम्हा दोघांनाही नाटकाच्या नेपथ्यासारखा वाटतो. तो खडक प्रेक्षकांसाठी आणून ठेवलेला आहे.

माणूस नसण्याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. हा प्रदेश निर्मनुष्य नव्हता. उत्तरेच्या पठारावर पायूट लोक राहत आणि दरीच्या आत हवासुपाई लोकांची शेती होती. पूर्वेकडच्या शहरांत ज्यांनी हे चित्र पाहिले, त्यांना दिसली एक रिकामी, आदिम, कुणाचीच नसलेली भूमी. १८८२ मध्ये हवासुपाईंना अवघ्या ५१८ एकरांत कोंबण्यात आले. १९१९ मध्ये ग्रँड कॅन्यन राष्ट्रीय उद्यान झाले आणि त्यानंतर दरीतल्या त्यांच्या मळ्यांतूनही त्यांना हटवले गेले. सुमारे १,८५,००० एकर जमीन परत मिळायला १९७५ साल उजाडले. दरीतल्या त्या जागेला त्यांचे नाव, 'हवासुपाई गार्डन्स', मिळाले ते २०२२ मध्ये. याचा सगळा ठपका एका चित्रावर ठेवणे अन्यायाचे होईल. पण जे खडक ओळखू येतील इतके नीट काढतो म्हणाला, त्याने तिथली माणसे काढलीच नाहीत, हे सांगितल्याशिवाय हे चित्र वर्गात लावू नये असे आम्हाला वाटते. आपल्याकडे अभयारण्ये झाली तेव्हा गावे उठली, त्या गावांतली मुले काही शाळांत बसलेली असतात. त्यांना हे पटकन कळेल.

मग चित्र काढून टाकायचे का? आम्ही ठेवले. शेजारी दुसरे लावले. विल्यम हेन्री होम्स या कलावंत-भूवैज्ञानिकाने डटनच्या १८८२ च्या ग्रंथासोबतच्या नकाशासंग्रहासाठी 'पॉइंट सब्लाइम' या उत्तर काठावरच्याच टोकावरून दिसणारे दृश्य तीन लांबट पानांवर काढले. हे आंतरजालावर सहज मिळते. आम्ही शेजारच्या दुकानातून छापून आणले. यात वादळ नाही, धुके नाही, नाट्य नाही. प्रत्येक थराची रेघ बारीक लेखणीने क्षितिजापर्यंत नेली आहे. मुलांनी पेन्सिलीने रेडवॉल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शोधून काढली. मोरानच्या चित्रात असे करायला गेले की मध्येच ढग येतो. उलट, होम्सच्या चित्रावरून दरी रुंद कशी झाली असे विचारले, तर वर्गात कोणालाही उत्तर देता आले नाही. सगळे थर जागच्या जागी शांत उभे. काम करणारा कोणी दिसतच नाही.

मोरानच्या चित्राखालचा मथळा आम्ही बदलला. आता तिथे 'नदी, पाऊस आणि कोसळणारे कडे' असे आहे, आणि कंसात 'ही जागा नकाशावर सापडणार नाही'.

ती मुलगी आता दहावीत आहे. होम्सची पाने भिंतीवर लागली तेव्हा तिने बराच वेळ तोंड जवळ नेऊन ती पाहिली आणि आम्हाला बोलावले. पुढच्या कड्यावर दोन अगदी छोटी माणसे आहेत. त्यातला एक जण बसून चित्र काढतो आहे आणि दुसरा त्याच्या मागून पाहतो आहे. आमच्या दोघांच्याही नजरेतून ती सुटली होती.

"सर, हा बघा," ती म्हणाली, "इथे बसला होता."